इयर ७ चा अर्ज: तारखा, पत्ता आणि पुरवणी फॉर्म

इंग्लंडमध्ये ज्यांचे मूल सप्टेंबरात इयर ६ मध्ये जाणार आहे, त्यांनी माध्यमिक शाळेच्या अर्जाची तयारी उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वीच सुरू करावी. रिसेप्शनपासून (चार-पाच वर्षांच्या मुलांचा पहिला वर्ग) इयर ६ पर्यंतची प्राथमिक शाळा संपली की मूल बहुतेक ठिकाणी आपोआप पुढे सरकत नाही. इयर ७ साठी पालकांना नव्याने अर्ज करावा लागतो. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांची व्यवस्था वेगळी असल्याने येथे लिहिलेले सर्व काही फक्त इंग्लंडमधील सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांना लागू आहे.

महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या कुटुंबांनी आधी मुलाचा वर्ग नीट समजून घ्यावा. येथे आधीची इयत्ता पाहिली जात नाही. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली मुले साधारणपणे एकाच वर्गात बसतात. त्यामुळे जूनमध्ये पुण्यात पाचवीत बसलेले मूल येथे सप्टेंबरात इयर ६ मध्ये असू शकते, आणि तसे असेल तर अर्जाला जेमतेम दोन महिने उरतात.

अर्जाची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर. अर्ज आपण ज्या कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) हद्दीत राहतो तिच्याकडेच करायचा, शाळा शेजारच्या कौन्सिलची असली तरीही. पासपोर्ट, जन्मदाखला, कौन्सिल टॅक्सचे बिल, भाडेकरार हे हाताशी असावेच. नातेवाइकांचा पत्ता देण्याचा विचारही करू नये, कारण चुकीच्या पत्त्यावर मिळालेली जागा काढून घेतली जाऊ शकते.

आता ज्या कागदासाठी हे सारे लिहितो आहे त्याविषयी. कौन्सिलच्या अर्जाखेरीज अनेक शाळांचा स्वतःचा एक पुरवणी फॉर्म असतो, ज्याला सप्लिमेंटरी इन्फर्मेशन फॉर्म म्हणतात, आणि तो थेट शाळेकडे द्यायचा असतो. कॅथलिक, चर्च ऑफ इंग्लंड, ज्यू, मुस्लिम, हिंदू अशा धर्माधिष्ठित शाळा तो मागतात. संगीत, खेळ अशा विषयांतील मुलाचा कल पाहून काही जागा देणाऱ्या शाळाही मागतात. कौन्सिलच्या संकेतस्थळावर अर्ज पूर्ण झाला, पोचपावतीची ईमेल आली, म्हणजे काम संपले असे वाटते. ते संपलेले नसते. आमच्या घरी थोरलीच्या वेळी हाच एक फॉर्म राहिला आणि ज्या निकषावर तिला जागा मिळण्याची शक्यता होती तो निकष तिला लागूच झाला नाही. फॉर्म नसेल तर शाळा अर्ज फेटाळत नाही. ती मुलाला बहुधा सर्वांत खालच्या गटात, केवळ घराच्या अंतरावर मोजते, आणि मागणी असलेल्या शाळेत त्या गटापर्यंत जागा क्वचितच उरतात. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: पुरवणी फॉर्म शाळेला दिला पण कौन्सिलच्या अर्जात त्या शाळेचे नावच घातले नाही, तर त्या फॉर्मला काही किंमत राहत नाही. दोन्ही लागतात.

म्हणून यादीतल्या प्रत्येक शाळेचे प्रवेश धोरण उघडून पाहावे, फॉर्म आहे का ते स्वतः तपासावे, ओळखीच्या पालकांच्या सांगण्यावर विसंबू नये. धार्मिक निकषाच्या फॉर्मवर बहुधा धर्मगुरूंची किंवा मंदिराच्या प्रतिनिधींची सही लागते आणि ती एका दिवसात मिळत नाही. त्यात ऑक्टोबरच्या अखेरीस बहुतेक शाळांना हाफ टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली, सुट्टी असते आणि कार्यालय बंद असते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात फॉर्म हातोहात द्यायला गेलात तर घ्यायला कुणी नसते. २०२४ साली दिवाळीही नेमकी ३१ ऑक्टोबरलाच टेकली होती. फॉर्म ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत द्यावा, शाळेकडून लेखी पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी.

ग्रामर शाळांचे, म्हणजे प्रवेश परीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या सरकारी शाळांचे, वेळापत्रक याहूनही आधीचे. इंग्लंडभर त्या १६३ च आहेत. परीक्षा साधारणतः इयर ६ च्या अगदी सुरुवातीला होते आणि नावनोंदणी त्याआधीच्या उन्हाळ्यात बंद होते; केंटमध्ये ती जुलै उजाडताच संपते. परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे जागा मिळणे नव्हे, शाळेचे नाव कौन्सिलच्या अर्जात हवेच, आणि त्या शाळेचा पुरवणी फॉर्म असेल तर तोही.

पसंतीक्रम लिहिताना डावपेच करू नयेत. किमान तीन शाळा लिहिता येतात, लंडनमध्ये सहा. आपण कितव्या क्रमांकावर लिहिले हे शाळेला कळत नाही. शाळा फक्त आपल्या निकषांनुसार मुलांची क्रमवारी लावते आणि ज्या शाळांत मूल बसते त्यांपैकी आपल्या यादीत सर्वांत वर असलेली शाळा कौन्सिल देऊ करते. एकच नाव लिहून शाळेवर दबाव येत नाही. उलट ते हुकले तर कौन्सिल जेथे जागा उरली असेल तेथे पाठवते. त्यामुळे मनापासून आवडलेली शाळा वर, आणि एक तरी जवळची, हमखास मिळण्याजोगी शाळा खाली, अशी यादी पूर्ण भरावी. जवळची म्हणजे किती जवळची, हे मागच्या वर्षी शेवटची जागा किती अंतरावरच्या मुलाला मिळाली त्या आकड्यावरून ठरवावे. कौन्सिल तो आकडा बहुधा प्रसिद्ध करते. अंतर काही ठिकाणी सरळ रेषेत मोजतात, काही ठिकाणी पायवाटेने. थोरले भावंड त्याच शाळेत असेल तर तो रकाना भरावा. सप्टेंबर-ऑक्टोबरातील ओपन ईव्हनिंगला, म्हणजे पालकांना शाळा दाखवतात त्या संध्याकाळी, जाऊन यावे, आणि तेथे शाळेच्या कार्यालयातील कुणाला तरी गाठून पुरवणी फॉर्मविषयी विचारावे.

निकाल १ मार्चला किंवा त्यानंतरच्या कामाच्या दिवशी. मिळालेली जागा स्वीकारावी; त्याने दुसऱ्या शाळेच्या प्रतीक्षायादीतील स्थान जात नाही. ती यादी निकषांवर चालते, आधी नाव दिल्याने वर जाता येत नाही, आणि किमान ३१ डिसेंबरपर्यंत उघडी असते. अपिलासाठी किमान २० शालेय दिवस मिळतात. पुरवणी फॉर्म राहिला होता म्हणून अपील करायचे असेल तर त्या आधारावर फारशी आशा ठेवू नये.

गणवेश जुलैत घ्यावा, ऑगस्टअखेर मापे संपतात. लंडनमध्ये ११ वर्षांच्या मुलाचे झिप ऑयस्टर कार्ड (मुलांचे सवलतीचे प्रवास कार्ड) आधीच मागवावे.