रुंद टीव्हीवर माणसं माणसांसारखी दिसतील अशी फोटोंची डीव्हीडी कशी करायची

काकांच्या लग्नाला ५० वर्षं झाली म्हणून खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी सगळे जमलो होतो, पुण्याचे, कोल्हापूरचे, वास्कोचे, आणि जेवणं झाल्यावर फोटोंची डीव्हीडी लावली. बेळगावातल्या एका स्टुडिओतून पैसे देऊन करून घेतलेली. टीव्ही ४३ इंची, नवीन. पहिलाच फोटो आजीचा, आणि आमची आजी आयुष्यभर काडीसारखी बारीक, तर टीव्हीवर ती आडवी पसरलेली, गाल फुगलेले, आणि कपाळावरचं ते मोठं गोल कुंकू आडव्या अंड्यासारखं. काकू बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ह्या आत्याबाई वाटंनात रे."

मला ते फार लागलं. आजीचे फोटो आहेतच मुळात चार, आणि तेही असे दिसायचे म्हणजे काय. मग घरी येऊन तीच डीव्हीडी पहिल्यापासून परत केली, आणि त्यात जे कळलं ते सगळं इथं लिहितो, कारण आमच्याकडं अजून घरोघरी डीव्हीडी प्लेअर चालू आहेत आणि म्हाताऱ्या माणसांना मोबाईलवर फोटो सरकवण्यापेक्षा चकती घालून निवांत बघायला आवडतंय.

आधी चूक कुठं होते ते समजून घ्या, मग बाकी सोपं आहे. जुना डबा टीव्ही ४:३, म्हणजे रुंदी ४ तर उंची ३. आताचा सपाट टीव्ही १६:९. आणि डीव्हीडीची गंमत अशी की आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या (पाल म्हणजे आपल्याकडची टीव्ही-चित्राची ठरलेली पद्धत) डीव्हीडीत चित्र कायम ७२० बाय ५७६ ठिपक्यांचंच साठवलेलं असतंय, ४:३ चं असो की १६:९ चं असो. फरक फक्त एका खुणेचा. चकतीवर लिहिलेली ती खूण प्लेअरला सांगते की हे चित्र एवढं ताणून दाखव. म्हणजे फोटो ज्या चौकटीत बसवले ती चौकट, चकतीवरची खूण, आणि प्लेअर-टीव्हीचं सेटिंग, ह्या तिन्ही ठिकाणी १६:९ पाहिजे. एक जरी ४:३ राहिलं की कुणीतरी जाड होतंय नाहीतर कुणीतरी लांबडं होतंय. आजीच्या डीव्हीडीत खूण ४:३ ची होती आणि टीव्ही सगळंच ताणून पडदाभर दाखवत होता, एक तृतीयांशाने रुंद.

आता कामाला लागूया. फोटो गोळा करताना मोबाईलचे, कॅमेऱ्याचे, अल्बमचे असे सगळे येतात आणि प्रत्येकाचा आकार वेगळा. मोबाईलचा बहुतेक ४:३, मोठ्या कॅमेऱ्याचा ३:२, जुन्या काळचे कृष्णधवल कधी चौकोनी सुद्धा. ह्यातला एकही १६:९ नाही हे पक्कं डोक्यात ठेवा, म्हणजे पडदा पूर्ण भरायचा हट्ट सुटतो. ४:३ चा फोटो पडदाभर करायला गेलात तर उंचीचा पाव भाग कापावा लागतो, आणि लग्नाच्या ग्रुप फोटोत पाव भाग म्हणजे मागच्या ओळीतली सगळी डोकी नाहीतर पुढं मांडी घालून बसलेली सगळी पोरं. म्हणून माझा नियम एकच, माणसांचा फोटो कापायचा नाही. राजहंसगडाचा नाहीतर शेताचा फोटो असेल तर खुशाल कापा, आभाळ थोडं कमी झालं तर कुणी रागवत नाही.

अल्बममधले फोटो स्कॅन करायचे असतील तर ४ बाय ६ इंचाला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, पुरतं, १८०० बाय १२०० ठिपके मिळतात. पासपोर्ट साइजचे किंवा छोटे चौकोनी असतील तर ६०० ठेवा, अगदीच बारीक असेल तर अजून जास्त. आणि ते चिकट पानांचे अल्बम असतात ना, प्लॅस्टिकखाली फोटो चिकटलेला, तो ओढून काढायला जाऊ नका, आमच्या काकांच्या मुंजीचा फोटो असाच अर्धा सोलला गेला. खिडकीजवळ सकाळच्या उजेडात अल्बम सपाट ठेवायचा, फ्लॅश बंद, मोबाईल अगदी समांतर धरायचा आणि फोटोचाच फोटो काढायचा. चारी कडा सरळ दिसतात का बघायचं, एक कड तिरकी गेली की चेहराही तिरका जातो. पावसाळ्यात खानापूरकडच्या घरात अल्बमला बुरशी धरते, तर हे काम उन्हाळ्यातच उरकलेलं बरं.

मोबाईलचे उभे फोटो आधी एकदा उघडून सरळ करून सेव्ह करा. मोबाईल फोटो आडवाच साठवतो आणि आत फक्त चिठ्ठी ठेवतो की हा फिरवून दाखवा, आणि प्रत्येक सॉफ्टवेअर ती चिठ्ठी वाचतंच असं नाही. इरफानव्ह्यू नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोनशे फोटो एकदम फिरवून सेव्ह होतात, फुकट आहे.

मग स्लाइडशो. मी शॉटकट नावाचं व्हिडिओ जोडायचं सॉफ्टवेअर वापरतो, तेही फुकट. सगळ्यात आधी, एकही फोटो आत घ्यायच्या आधी, व्हिडिओ मोडमध्ये जाऊन एचडी १०८०पी २५ फ्रेम निवडा. २५ च, कारण आपली डीव्हीडी पालची, ३० घेतलं तर नंतर हालचाल अडखळते. आता तुमची चौकट १९२० बाय १०८० झाली म्हणजे १६:९. फोटो आत घेऊन स्लाइडशो करायला सांगितलं की फोटो चौकटीत बसत नसेल तर काय करायचं असा पर्याय येतो, तिथं काळी पट्टी ठेवा, क्रॉप नको. ४:३ चा फोटो १४४० रुंद बसतो आणि दोन्ही बाजूला २४० ची पट्टी राहते. ती पट्टी म्हणजे दोष नाही हो, फोटोचा खरा आकार आहे तो. कुणाला काळं आवडत नसेल तर त्याच फोटोची धूसर केलेली मोठी प्रत मागं टाकता येते, फक्त ती चांगली अंधारी करा नाहीतर नजर तिकडंच जाते. आणि फोटो ७२० बाय ५७६ करून घ्या असं कुणी सांगितलं तर ऐकू नका! ते माप चकतीच्या आतलं आहे, डोळ्यानं बघायचं नाही. स्वतः त्या मापात फोटो कापला की तो टीव्हीवर ताणलाच जाणार.

आता कडांचं. बऱ्याच टीव्हीत चित्राची कड थोडी कापली जाते, जुन्या टीव्हीत जास्त. म्हणून माणसं, नावं, तारखा सगळं मधल्या १७२८ बाय ९७२ मध्येच ठेवा, म्हणजे चारी बाजूला ५ टक्के मोकळं. उभे फोटो ९७२ उंचीला ७२९ रुंद होतात, तर दोन उभे फोटो शेजारी शेजारी छान बसतात. काकांचा १९७० च्या दशकातला एकट्याचा फोटो आणि काकूचा माहेरचा एकटीचा, असे दोन शेजारी लावले तर घरात अगदी शांतता झाली होती.

नावं लिहायची असतील तर मराठीला आणि कन्नडला एकच फॉन्ट चालतो, निर्मला यूआय, विंडोज ८ पासून असतोच. आमच्याकडं निम्मे पाहुणे चिकोडी-गोकाककडचे कन्नड बोलणारे, तर मी दोन्ही लिहितो. पण काही सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलतीकडं पडते, 'निपाणी' चं काहीतरी वेगळंच होतंय. तसं दिसलं तर नाव वर्डमध्ये लिहून चित्र करून घ्यायचं आणि ते चित्र फोटोवर ठेवायचं. अक्षर निदान ६० ठिपके उंच ठेवा, काका चष्मा शोधत बसतात नाहीतर.

प्रत्येक फोटोला ६ सेकंद, ग्रुप फोटोला १० सुद्धा द्या, कारण प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो आणि मग जे गेले त्यांना. फोटो हळू झूम होणारे इफेक्ट थोडेच वापरा, आणि इरकल साडीच्या फोटोला तर अजिबात नको, त्या बारीक चौकडीच्या रेघा डीव्हीडीवर लुकलुकायला लागतात. तसं होत असेल तर त्या फोटोला अगदी हलका ब्लर द्या आणि शार्पन कुठंच करू नका. मागं गाणं ठेवायचं ते ठेवा, पण एकदा काकूच्या शेजारी बसून फोटो दाखवत तिचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून बघा. "हे बैल जोडी, हेच्या मागं उभा हाय तो माझा भाऊ" एवढंच, पण ते गाण्यापेक्षा लाखमोलाचं.

हे सगळं एमपीफोर, म्हणजे साधी व्हिडिओ फाइल, करून घेतलं की डीव्हीडी स्टायलर उघडा, चकती तयार करायचं सॉफ्टवेअर आहे ते. नवीन प्रोजेक्टलाच तो विचारतो, तिथं पाल आणि १६:९ निवडायचं. हीच ती खूण, स्टुडिओवाल्यानं इथंच घोळ घातला असणार. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवायची ते, ८ एमबीपीएसच्या आसपास ठेवला तर ४.७ जीबीच्या साध्या चकतीत तासाभराचं आरामात बसतं, आणि २०० फोटो म्हणजे तर २० मिनिटंच. लगेच बर्न करू नका, आधी फोल्डर तयार करून कॉम्प्युटरवरच व्हीएलसी प्लेअरमध्ये बघा.

आणि सगळ्यात पहिली स्लाइड म्हणून एक चाचणीची करा, ही माझी सगळ्यात आवडती युक्ती. १९२० बाय १०८० चं पांढरं चित्र, मधोमध ९०० ठिपक्यांचं एक गोल, आणि कडेपासून ५ टक्के आत एक लाल चौकट. एक चाचणीची चकती करून ज्या घरात डीव्हीडी जाणार त्या घरच्या टीव्हीवर लावा आणि ते गोल मोजायच्या टेपनं मोजा, आडवा आणि उभा. दोन्ही सारखे आले तर सगळं बरोबर. लाल चौकट पूर्ण दिसली तर कडाही सुरक्षित. खऱ्या चकतीतून ही स्लाइड काढून टाकायची.

गोल आडवं पसरलं आणि वरखाली काळी पट्टीही दिसली तर प्लेअर ४:३ लेटरबॉक्सवर आहे. आडवं पसरलं आणि बाजू कापल्या गेल्या तर पॅन स्कॅनवर. चकती बाहेर काढून रिमोटचं सेटअप बटण दाबा, टीव्ही डिस्प्लेमध्ये १६:९ करा. गोल उभं लांबडं झालं आणि दोन्ही बाजूला पट्ट्या असतील तर चकतीची खूण ४:३ ची पडली आहे नाहीतर टीव्ही ४:३ वर आहे. गोल बरोबर पण चारी बाजूला काळं, चित्र एवढंसं, तर १६:९ चा व्हिडिओ ४:३ च्या चकतीत घातलाय. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीनं जोडलेला प्लेअर असेल तर टीव्हीला आपोआप कळेल ह्या भरवशावर राहू नका, टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये हातानं १६:९ निवडा. झूम वगैरे काही चालू असेल तर बंद.

बर्न करताना डीव्हीडी-आर चकती घ्या, जुने प्लेअर तिला लवकर ओळखतात, आणि स्पीड ४एक्स किंवा ८एक्स. पावसात आमच्याकडं करंट कधी जाईल सांगता येत नाही, तर बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवरच करा, मधे बंद पडलं की चकती गेली. वर कागदाचा स्टिकर लावू नका, चकती फिरताना डळमळते, सीडी मार्करनं लिहा. आणि डीव्हीडीवर चित्र थोडं मऊच दिसणार, ७२०-५७६ चं ते, म्हणून १०८० चा मूळ एमपीफोर एका पेनड्राइव्हवर पण द्या, नवीन टीव्हीला थेट लावता येतो. जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीच्या आत लागते, ते तेवढं बघा.

शेवटी कव्हरमध्ये मी एक चिठ्ठी घालतो, मराठी आणि कन्नड दोन्हीत: प्लेअर १६:९, टीव्ही १६:९, झूम बंद. काकांच्या घरची चिठ्ठी आता टीव्हीच्या मागं चिकटपट्टीनं लावलेली आहे, आणि आजीचं कुंकू गोल दिसतंय.