शातो दिकेमची बाटली घरात आलीय? या चुका टाळा

गोड वाइन म्हटलं की आपल्याकडे गोव्याची पोर्ट आठवते. परदेशातून कुणी शातो दिकेमची, म्हणजे फ्रान्सच्या सोतर्न भागातल्या नामवंत गोड पांढऱ्या वाइनची बाटली आणली की तीही त्याच रांगेत बसते. ही पहिली चूक, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच होतात.

दिकेमचा गोडवा द्राक्षातलाच असतो. बोर्दो शहराच्या दक्षिणेला सिरों ही थंड पाण्याची छोटी नदी गारोन नदीला मिळते. शरदात तिथे पहाटे धुकं आणि दुपारी ऊन. त्या ओलीत बॉट्रायटिस बुरशी सेमियों द्राक्षाच्या सालीला बारीक छिद्रं पाडते, ऊन पाणी उडवून नेतं. मणी सुरकुततो, जांभळट तपकिरी होतो, वर राखेसारखा थर. निफाड-दिंडोरीचा बागायतदार असा घड पाहून धास्तावेल आणि त्याचं चुकणार नाही, कारण ओल हटली नाही तर हीच बुरशी घड कुजवते. दिकेममध्ये मजूर त्याच वेलींवर पाच-सहा वेळा फिरून तेवढेच तयार मणी खुडतात. वेलीमागे जेमतेम पेलाभर वाइन मिळते.

दुसरी चूक लेबलवरच्या सालाची, म्हणजे पिकाच्या वर्षाची, आणि ती महागात पडते. १७८५ मध्ये एका लग्नामुळे ही मिळकत ल्यूर-सालूस घराण्यात आली. बोर्दोच्या वाइनच्या १८५५ च्या वर्गवारीत सोतर्नमध्ये सर्वोच्च श्रेणी या एकट्या वाइनला मिळाली. पण पीक मनासारखं नसेल तर त्या सालची दिकेम काढायचीच नाही, ही इथली रीत. १९६४, १९७२, १९७४, १९९२ ही सालं अशीच सोडली. १९९९ मध्ये बहुसंख्य हिस्सा एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या फ्रेंच समूहाकडे गेला, तरी २०१२ ची दिकेम निघाली नाही. वर्षभराच्या कमाईवर पाणी सोडायला केवढं धाडस लागतं! तेव्हा कुणी ‘१९९२ ची दिकेम’ विकायला आणली तर बाटली नकली समजा. लेबलवर फक्त ‘वाय’ (Y) हे अक्षर असेल तर ती याच मळ्याची कोरडी वाइन. गोड समजून घेऊ नका.

घरी आणल्यावर ती स्वयंपाकघरातल्या फळीवर उभी ठेवतात. उकाड्याने वाइन बिघडते, बूच सुकून हवा आत शिरते. अंधाऱ्या, थंड जागी आडवी ठेवा.

रंग गडद झाला म्हणून ओतून देऊ नका. फिकट सोनेरी वाइन वर्षं सरतात तशी मधासारखी, मग तांबूस होते. तळाशी खडे दिसले तर तेही निरुपद्रवी, टार्टरिक आम्लाचे. व्हिनेगरचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र ती गेली.

बर्फ घालू नका. फ्रीजमधून वीस-पंचवीस मिनिटं आधी काढा. १०-१२ अंशांवर जर्दाळू, मध, संत्र्याच्या सालीचा वास मोकळा होतो.

आणि गुलाबजाम नको! मी एका दिवाळीत तेच केलं. पाकापुढे वाइन पातळ आणि नुसती आंबट लागली, पाहुण्यांनी पेले अर्धे ठेवले. दुसऱ्या दिवशी उरलेली खारट ब्लू चीजबरोबर घेतली, तेव्हा कुठे तिची खरी चव कळली. रोकफोर हे फ्रेंच ब्लू चीज मिळालं तर उत्तमच.

उरलेली बाटली घट्ट बूच लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. आठवडाभर सहज टिकते.