सीएसव्हीतला न दिसणारा पाहुणा

सोसायटीच्या मेंटेनन्सची एक्सेलमधून काढलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) पायथॉनच्या डिक्टरीडरने (प्रत्येक ओळ कॉलमच्या नावानिशी देणारं साधन) वाचत होतो, तर पहिल्याच 'नाव' कॉलमला सारखा की-एरर (म्हणजे या नावाचं काही सापडत नाही), बाकीचे कॉलम मात्र व्यवस्थित. लूपमध्ये हेडर (कॉलमची नावं) प्रिंट केले, 'नाव' समोर दिसतंय! तासभर डोकं खाल्लं, शेवटी वैतागून त्याची लांबी मोजली तर ३ च्या जागी ४ आली (पायथॉन काना पण वेगळा मोजतो, ते माहीत होतं), म्हणजे त्यात कोणीतरी लपून बसलंय. तो निघाला बीओएम (बाइट ऑर्डर मार्क, एक न दिसणारी खूण), एक्सेल 'सीएसव्ही यूटीएफ-८' सेव्ह करताना फाइलच्या सुरुवातीला ३ बाइट चिकटवतं ना, तोच (वाचल्यावर त्या तिघांचं एकच अक्षर होतं). फाइल उघडताना एन्कोडिंग (बाइटची अक्षरं कशी करायची ती पद्धत) 'यूटीएफ-८' ऐवजी 'यूटीएफ-८-सिग' दिलं, ते ही खूण वगळूनच वाचतं, झालं काम. स्ट्रिप (कडेच्या स्पेस काढून टाकणारं) वापरून बघितलेलं आधी, पण त्याला बीओएम हा स्पेस वाटतच नाही.