फळा चकाकतो, कोपऱ्यातल्या बाकांवरून दिसत नाही: माझा अनुभव

जूनमध्ये शाळा उघडली की परळच्या आमच्या वर्गात हीच तक्रार यायची. उजव्या कोपऱ्यातल्या मुलांना हिरव्या फळ्याचा डावा भाग पांढरा दिसे. पडदे ओढले तर पावसाळी हवेत वर्ग अंधारायचा, सगळ्या ट्यूब लावल्या तर चमक वाढायची. ठळक लिहूनही फरक पडला नाही. मुलं शेजारच्याच्या वहीत बघून उतरवताना पाहून जीव तुटायचा.

शेवटी आरशाने सुटलं. ज्या बाकावरून दिसत नाही तिथे मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर एकाने बसायचं. दुसऱ्याने लहान सपाट आरसा नेमका चमकणाऱ्या जागी फळ्याला टेकवून धरायचा, जराही न कलवता. बसलेल्याला आरशात जे उजळ दिसेल, तेच चमकेचं मूळ. आमच्याकडे फळ्याजवळच्या खिडकीची वरची दोन तावदानं आणि पुढची ट्यूब निघाली.

मग तेवढ्याच तावदानांना आतून काळा चार्ट पेपर चिकटवला. (बटर पेपर नको, तो स्वतःच उजळतो.) पुढची ट्यूब बंद ठेवली, बाकीच्या चालू. उरलेली चमक घालवायला सुताराकडून फळ्याच्या वरच्या कडेमागे बोटभर जाडीची लाकडी पट्टी बसवून घेतली. फळा किंचित पुढे झुकला की प्रतिबिंब जमिनीकडचं दिसतं. वरचे स्क्रू मात्र लांब घ्यावे लागतात.

आरशाची तपासणी सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा करा. उजेडाची दिशा बदलली की दुसरं तावदान चमकू शकतं.