वांग्याची मर: झाडाची प्रतिकारशक्ती वाढवताना या चुका टाळा

गोव्यातल्या आगशीच्या वांग्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पण ऐन फळधारणेत हिरवंगार झाड दुपारी माना टाकतं आणि आपण पाणी वाढवतो. तसं करू नका. रात्री झाड सावरलं म्हणून निर्धास्तही राहू नका, मर रोगाची सुरुवात अशीच होते. बुंध्याजवळचं खोड बोटभर कापून ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभं धरा. कापातून दुधासारखे धागे खाली उतरू लागले, तर ती राल्स्टोनिया जिवाणूची मर आहे.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे झाड कोमेजल्यावर स्युडोमोनास किंवा बॅसिलस ओतणं. हे मित्रजिवाणू मुळांवर ठाण मांडतात आणि झाडाला आधीच सावध करतात. मग खरा हल्ला झाला की झाड पेशींच्या भिंती लवकर जाड करतं, बचावाची रसायनं झटपट बनवतं. या तयारीला काही दिवस लागतात. खोडातल्या जलवाहिन्या चोंदल्यावर त्यातलं काहीच साधत नाही. म्हणून सुरुवात वाफ्यातच करा. लावणीआधी लिटरभर पाण्यात १० ग्रॅम स्युडोमोनास कालवून त्यात रोपांची मुळं ३० मिनिटं बुडवा. लावणीनंतर तेच बुंध्याशी द्या, पण त्याच्या मागोमाग तांबेयुक्त बुरशीनाशक ओतू नका, मित्रच मरतील. पाकिटावरची मुदतही बघा. पत्र्याखाली तापलेल्या पाकिटात जिवंत फारसं काही उरत नाही.

युरियाचा हात आखडता घ्या. नत्र जास्त झालं की झाड लुसलुशीत होतं आणि रोगाला सहज बळी पडतं. आपली जांभ्याची माती आंबट; माती तपासूनच चुना घाला, अंदाजाने नको.

निंदणी करताना बुंध्याजवळ खोल कुदळ घालू नका. मुळांची जखम म्हणजे जिवाणूला उघडं दार. उपटलेल्या मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमीचाही (मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींचा) बंदोबस्त हवा, कारण तेही अशाच जखमा करतात.

जातीची निवड मात्र माझ्या मते निम्मी लढाई आहे. अर्का केशव, अर्का नीलकंठ या मरीला तोंड देणाऱ्या जाती आहेत. आगशीचंच वांगं हवं असेल तर मरप्रतिकारक खुंटावर कलम केलेली रोपं मिळतात का ते पाहा. वांग्यामागून टोमॅटो किंवा मिरची लावू नका. वायंगणात, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामात, अळसांदे (चवळी) घ्या, पावसात भात.

मेलेलं झाड मुळासकट, मातीसह पिशवीत भरून बाहेर काढा. पाटात किंवा मेरेवर (बांधावर) फेकलंत, तर पाणी तो रोग शेजारच्या वाफ्यात घेऊन जाईल.