आधी पाव, मग भाजी: गोव्यातला सकाळचा नाश्ता कसा शोधावा

सावंतवाडी सोडून म्हापशात आलो त्याला बावीस वर्षं झाली. मी औषध कंपनीचा एमआर. सोमवारी पणजी, मंगळवारी फोंडा, बुधवारी डिचोली-साखळी, गुरुवारी मडगाव, शुक्रवारी म्हापसा, शनिवारी पेडणे. डॉक्टर दहाच्या आत भेटत नाहीत, तरी मी साडेसहाला स्कूटर काढतो. कारण पाव. घरी पाहुणे आले की पहिला प्रश्न हाच असतो, सकाळी पावात भरून खायचं ते सगळ्यात चांगलं कुठे मिळतं? हॉटेलचं नाव सांगून भागत नाही. आचारी बदलतो, बेकरी बदलते, चव जाते. म्हणून मी शोधायचं कसं तेच सांगतो.

सुरुवात भाजीपासून करू नका, पावापासून करा. पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पोंक-पोंक असा भोंगा ऐकू येतो. मागे वेताची पाटी, वर निळं प्लास्टिक. हा ‘पोदेर’ शब्द पोर्तुगीज ‘पादेइरु’वरून आला. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने (माडीने) फुगवत, आता बहुतेक सगळीकडे यीस्ट असतं, पण लाकडावरची भट्टी अनेक गावांत अजून पेटते. पाटीत चार-पाच प्रकार असतात. उंडो गोल, वरून चीर दिलेला, कडक कवचाचा. पोयी कोंड्याची, चपटी, आतून पोकळ, जणू खिसाच. कात्रो पाव फुलपाखरासारखा कापलेला. काकणं बांगडीसारखी, ती चहात बुडवायची. शिवाय नेहमीचा मऊ पाव. कशात काय भरायचं हे ठरलेलं आहे आणि ते चुकलं की आचारी कितीही चांगला असो, घास जमत नाही.

हॉटेलात शिरण्याआधी पाच मिनिटं बाहेर थांबा. पोदेराची पाटी दाराशी येते का बघा. गल्ल्यावर ‘पातराव, पाव केन्ना आयलो?’ (मालक, पाव कधी आला?) असं कोंकणीत विचारा. ‘आतां आयलो’ म्हणाले तर बसा. प्लास्टिकच्या पिशवीतला पाव दिसला तर सरळ पुढे जा. उंडो हातात आला की अंगठ्याने दाबा. कवच करकरलं पाहिजे आणि आतला गर दबून परत वर आला पाहिजे. मग उलटा करा. तळाला पिठाची भुकटी आणि एखादा करपलेला ठिपका असेल तर तो भट्टीच्या लादीवर भाजलाय. मला तो ठिपका दिसला की बरं वाटतं.

आता भाजी. सोमवारी बरेच हिंदू गोंयकार शिवराक (शाकाहारी) असतात, त्यामुळे त्या दिवशी भाजीवर हात सैल असतो आणि प्रकारही जास्त असतात: पातळ भाजी, सुकी बटाट्याची, अळसांद्याचं (चवळीचं) तोणाक म्हणजे वाटणाची रसभाजी, मशरूम. पणजीत कॅफे टाटो आणि कॅफे भोसले या दोन ठिकाणी या चवींची सवय जिभेला लावून घ्या, म्हणजे बाकीकडे तुलना करता येईल. पातळ भाजी आली की लगेच खाऊ नका. ताटली थोडी कलती करा. रस एकजीव सरकला तर ठीक. पाणी पुढे आणि वाटण मागे राहिलं तर गर्दी बघून कुणीतरी पाणी ओतलंय. माझी पद्धत अशी: उंडो मधून चिरून घ्यायचा, आत सुकी भाजी भरायची आणि प्रत्येक घास पातळ भाजीत टेकवून खायचा. कवच रस धरतं, पण विरघळत नाही. मऊ पावाला हे जमत नाही.

ऑम्लेट-पावाला एकच गोष्ट मागा: उंड्याची कापलेली बाजू ऑम्लेटच्याच तव्यावर टेकवून द्या. रस-ऑम्लेट (रश्शातलं ऑम्लेट) आणि कटलेट-पाव सकाळी शोधू नका, ते संध्याकाळच्या गाड्यांवरचं खाणं आहे.

चोरिस म्हणजे गोव्याचं सॉसेज; चोरिस-पावाचं मात्र सविस्तर सांगावं लागेल. एकदा हायवेवरच्या एका ठिकाणी मोठा बोर्ड बघून थांबलो. पाकिटातला गोड बन, त्यात तेलात परतलेले चार तुकडे. फार वाईट वाटलं, कारण शेजारच्या टेबलावरचं कुटुंब गोव्यात पहिल्यांदाच आलं होतं आणि त्यांना हाच चोरिस-पाव वाटला असणार.

चोरिसमध्ये डुकराचं मांस, चरबी, सुक्या मिरच्या, लसूण, मसाले आणि माडाचा व्हिनेगर असतो. पावसाळ्याच्या पुरुमेंतासाठी, म्हणजे बेगमीसाठी, ते उन्हाळ्यातच करून ठेवत. शुक्रवारच्या म्हापसा बाजारात त्याच्या माळा लटकलेल्या दिसतील. माळ हातात घ्या: मणी घट्ट, साल कोरडी, रंग गडद तांबडा, वास आधी व्हिनेगरचा मग मिरचीचा. चिकट लागली तर ठेवून द्या. आमच्या घरमालकीण आंटीने मला शिजवायला शिकवलं. मणी सोडवून भांड्यात घ्यायचे, अर्धी वाटी पाणी, तेलाचा थेंब नाही, मीठ नाही. पाणी आटलं की चरबी सुटते, त्यात चोरिसच्या बरोबरीने उभा चिरलेला कांदा. मंद आचेवर कांदा तांबडा होऊन पार मऊ पडेपर्यंत थांबायचं. मग पोयी कडेने फाडायची. ताजी असेल तर आतून वाफ येते. खिशात चोरिस भरून वरून हाताने दाबायचं आणि एक मिनिट तसंच धरायचं. कोंडा ती तांबडी चरबी पिऊन घेतो. चांगल्या हॉटेलातही हेच तपासा: पोयी आतून तांबडी झाली पाहिजे आणि बाहेरून कोरडी राहिली पाहिजे.

रविवारी साश्टीत (मडगावच्या सासष्टी तालुक्यात) जाणार असाल तर पहिली मीस, म्हणजे चर्चमधली सकाळची प्रार्थना, सुटायच्या आत पोचा, नंतर चांगला पाव शिल्लक राहत नाही. आणि परत निघताना चार पोयो घ्या, पण प्लास्टिकमध्ये नको, कपड्यात गुंडाळा. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हात लावून कोरड्या तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं ठेवल्या की पुन्हा फुगतात.