बायकोचा कॅन्सर उलटला? या चुका टाळा

पहिल्या वेळी आपल्याला काही कळत नसतं, म्हणून माणूस विचारत विचारत चालतो. दुसऱ्या वेळी सगळं येतंय असं वाटतं आणि तिथंच घोटाळा होतो. मी परभणीचा. बायकोचा स्तनाचा कॅन्सर चार वर्षांनी उलटला, मणक्यात गेला. तेव्हा मी काय काय चुकलो, ते लिहितोय.

रिपोर्ट लपवणं. पेट स्कॅनचा कागद स्कूटरच्या डिकीत ठेवला आणि घरात येऊन म्हणालो, "अजून आला नाही." ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, चपला घालूनच चुलीपाशी आलात. परत आलाय ना?" मग भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. पाठ दोन महिन्यांपासून तिचीच दुखत होती. तिला माझ्याआधी कळलेलं. लपवून मी फक्त तिला बोलायला एकटं पाडलं. किती ऐकायचंय हे आधी तिलाच विचारा.

"मागं निभावलंस, आताही निभावशील." हे मी दिवसातून चारदा म्हणायचो. त्यावर तिला रडताही येईना.

जुन्या फायलीवर भरवसा. "एकदा कळलंय की, परत सुई कशाला?" म्हणून मी आठ दिवस घालवले. उलटलेल्या गाठीचे रिसेप्टर (पेशींवरच्या ज्या खुणांवर औषध काम करतं त्या) बदललेले असू शकतात आणि औषध त्यावर ठरतं, म्हणून शक्य असेल तिथं डॉक्टर पुन्हा बायोप्सी करतात, म्हणजे सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासतात. हाडात गेला तरी तो स्तनाचाच कॅन्सर असतो, औषधंही त्याचीच. दुसरीकडं मत घ्यायचं तर नुसते रिपोर्ट नेऊ नका, जुने ब्लॉक आणि स्लाइडही न्या, म्हणजे लॅबनं मेणात आणि काचेवर जपलेले गाठीचे तुकडे. आणि सरळ विचारा: उपचार बरं करण्यासाठी की आटोक्यात ठेवण्यासाठी?

तापाला गोळी देऊन सकाळची वाट बघणं. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरेनहाइटला गेला की रात्र असो वा पहाट, निघायचं. पांढऱ्या पेशी कमी असतात, संसर्ग तासांत वाढतो. मोठा दवाखाना संभाजीनगरला, तो लांब आहे. रात्री गावातल्या कोणत्या दवाखान्यात जायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. मणक्यात आजार असेल आणि पायातलं बळ अचानक गेलं किंवा लघवी अडली, तरीही थांबायचं नाही.

दुखणं सोसू देणं. वेदनेचा डॉक्टर म्हणजे शेवट, असं सोयरे सांगतात. तसं नाही, केमोबरोबरही ते उपचार चालतात. याच सोयऱ्यांनी आणलेला काढा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका.

पैशाचंही एक. उपचाराला मुंबईला जाताना पहिल्या फेरीला मी देवगिरी एक्स्प्रेसचं पूर्ण भाडं भरलं. दवाखान्याच्या सही-शिक्क्याचा फॉर्म दिला की कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसीत शंभर टक्के सवलत आहे, सोबतच्याला ७५ टक्के.

सगळी कामं काढून घेणं. मी भाकरीला बाई लावली. ही दोन दिवस भिंतीला टेकून बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पीठ मळून द्या, थापते मी." डॉक्टरांना विचारलं, बसून थापायला हरकत नव्हती, वजन मात्र उचलायचं नाही. आता हंडा माझ्याकडं आहे. पहिले चार दिवस अर्धं पाणी अंगावरच सांडलं.